धाकट्या भावंडांचें अक्षरशिक्षण

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी-विद्यार्थिनींवर घरीं एक काम येऊन पडतें. "तूं आतां मोठी झालीस, धाकट्याला जरा अक्षरें शिकव," असें आई सांगते, आणि ताई पाटी घेऊन बसते. पहिले दोन दिवस उत्साह असतो. तिसऱ्या दिवशीं धाकटा रडतो, चवथ्या दिवशीं ताई रागावते, आणि पांचव्या दिवशीं पाटी कोनाड्यांत जाऊन पडते. हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. तें कोणत्या क्रमानें करावें व त्यांत अडतें कोठें, हें समजल्यास मात्र त्यासारखें आनंदाचें काम थोडेंच. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांसाठीं, व त्यांच्या मागें उभ्या असलेल्या आईबापांसाठीं, या विषयावर कांहीं लिहीत आहें.

प्रथम एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वी दुसऱ्या गांवाहून तिसऱ्या इयत्तेंत आलेली एक मुलगी माझ्या पाहण्यांत आली. तिची वही मोत्यांसारख्या अक्षरांनीं भरलेली होती. फळ्यावरील पांच ओळी ती बिनचूक उतरून घेई. पण त्याच ओळींतील एका शब्दावर बोट ठेवून "हा वाच" म्हटलें तेव्हां ती माझ्या तोंडाकडे पाहूं लागली. तिला अक्षरें काढतां येत होतीं, परंतु तीं तिच्याशीं बोलत नव्हतीं. दोन वर्षें वडील वही पाहून संतुष्ट राहिले आणि पूर्वीच्या शाळेनें तिला वर चढविलें. कोणालाहि संशय आला नाहीं, कारण वही खोटें बोलत नाहीं असा आपला समज आहे. अशा मुलाचें नुकसान एका विषयापुरतें राहत नाहीं. इतिहास, भूगोल, एवढेंच काय, गणिताचें शाब्दिक उदाहरणसुद्धां त्याला बंद दारासारखें होतें, आणि पुढें 'याला अभ्यासाची गोडी नाहीं' असा शेरा त्याच्या कपाळीं बसतो. भारत सरकारनें २०२१ सालीं 'निपुण भारत' ही योजना सुरू केली, तिचा उद्देश तिसरी इयत्ता संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें हाच आहे. यावरून ही अडचण एका घरची किंवा एका शाळेची नाहीं हें उघड होतें.

ही अडचण मुख्यतः येते ती हातास कानाच्या पुढें पळविल्यामुळें. मूल तीन-साडेतीन वर्षांचें झालें न झालें तोंच त्याच्या मुठींत पेन्सिल कोंबून 'अ' गिरवावयास लावितात. त्या वयांत मनगटांतील लहान हाडें पुरतीं बनलेलीं नसतात, बोटांना बारीक हालचालीची संवय नसते. म्हणून हात दुखतो, रेघ वांकडी जाते, आणि शिकविणाऱ्याचें सारें लक्ष रेघेवर खिळतें. तो आकार कोणत्या ध्वनीचा हें मुलास विचारावयाचें राहूनच जातें.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत अनेक दोष होते, छडी हा त्यांतला मुख्य. परंतु एक गोष्ट तेथें चांगली होती. 'ओ ना मा सी धं' म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्' असा आरंभ करून मूल धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवी, आणि गिरवितांना तें मोठ्यानें म्हणे. बोट, डोळा, तोंड आणि कान हीं चारहि एकाच वेळीं कामाला लागत. पुढें कागद व छापील कित्ते स्वस्त झाले, तसतसें मुकाट्यानें उतरून काढणें वाढलें, आणि तोंड व कान यांना सुटी मिळाली!

परदेशांतहि हा विचार जुना आहे. बोहेमिया-मोरेव्हिया प्रांतांतील बंधुमंडळीचे बिशप कोमेनियस यांनीं १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें 'ऑर्बिस पिक्टस' नांवाचें सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या आरंभीं वर्णमाला आहे. पण प्रत्येक अक्षराजवळ एक चित्र असून त्या प्राण्याचा अथवा वस्तूचा आवाज हाच त्या अक्षराचा ध्वनि म्हणून दिला आहे. कावळा ओरडतो तो एक स्वर, कोंकरूं बें बें करतें तें एक व्यंजन, साप फुसकारतो तें दुसरें. मुलानें आधीं ऐकावें, नक्कल करावी, आणि मग खूण ओळखावी, अशी ती योजना होती. पुढें १९०७ सालीं डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. तेथें कांचकागदाचीं अक्षरें कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं असत. मूल त्यांवरून दोन बोटें फिरवी आणि शिक्षिका त्या अक्षराचें नांव न सांगतां ध्वनि सांगे. बोटांच्या टोकांत आकार मुरला, कानांत ध्वनि मुरला, म्हणजे खडू हातीं येतांच मुलें आपण होऊन लिहूं लागत.

आपल्याकडे हें शास्त्र खेड्यापर्यंत नेण्याचें श्रेय ताराबाई मोडक यांस आहे. त्यांनीं प्रथम भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलें, आणि १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. तें काम पुढें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. परदेशी साधनें महाग. म्हणून त्यांनीं खडे, शिंपले, पानें, बिया असें आसपास फुकट मिळणारें साहित्य वापरून वारली व इतर आदिवासी मुलांस शिकविलें. तेव्हां "आमच्याजवळ साधनें नाहींत" ही सबब कोणीं पुढें करूं नये.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिले दोन आठवडे पाटी घेऊंच नये. भाकरी थापतांना, फुलें वेंचतांना, झोंपण्यापूर्वी, असा कोणताहि वेळ चालेल. "'म' नें आरंभ होणाऱ्या वस्तू सांग पाहूं": मासा, मका, मणी, मांजर. नंतर शेवटचा ध्वनि ओळखावयास लावावें: कान, पान, मान, रान. हें दुसरें काम अधिक कठीण आहे, पण अधिक मोलाचेंहि आहे, कारण मराठींत 'ण' व 'ळ' यांनीं शब्दाचा आरंभ होतच नाहीं. म्हणूनच आपल्या पुस्तकांत 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' असें सांगावें लागतें. ज्याचा कान केवळ पहिल्या ध्वनीकडे लागला आहे, त्याला बाणांत 'ब' तेवढा ऐकूं येईल. हल्लीं पुष्कळ घरीं मोबाईलच्या पडद्यावर 'अ अननसाचा' हें गाणें मूल दिवसभर ऐकतें व म्हणतें. तें वाईट नाहीं. परंतु तें अननसाचें गाणें आहे, 'अ'चें नव्हे.

ध्वनि तोंडांत कोठें होतो हें दाखविलें तर मुलें फार रमतात. आपल्या पूर्वजांनीं 'क' पासून 'म' पर्यंतचीं पंचवीस व्यंजनें घशापासून ओठांपर्यंत क्रमानें मांडलेलीं आहेत. 'क' म्हणतांना जीभ मागें अडते, 'त' म्हणतांना दांतांना लागते, 'प' म्हणतांना ओठ मिटतात. आरसा हातीं दिला कीं मूल हें स्वतः पाहतें. तळहात तोंडासमोर धरून 'प' आणि 'फ', 'क' आणि 'ख' म्हणावयास सांगावें. दुसऱ्या अक्षराबरोबर हातावर फुंकर येते. नाक चिमटींत धरून 'मामा' म्हणावयास सांगावें; मामाचे जवळ जवळ बाबा होतात! या हंशांत 'म' हें अक्षर नाकांतून बोलतें ही गोष्ट मूल जन्मभर विसरत नाहीं.

यानंतर एक सूक्ष्म गोष्ट येते. तिच्याकडे पाठ्यपुस्तकें लिहिणारेहि पुष्कळदां दुर्लक्ष करितात, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. मूल शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून पाडूं शकतें: का-का, आ-जी, मा-सा. दोन टाळ्या, दोन अक्षरें, हिशेब जमला. परंतु 'घर' या शब्दाला टाळी एकच पडते आणि अक्षरें दोन लिहावीं लागतात. 'कमळ' याला टाळ्या दोन, अक्षरें तीन. याचें कारण असें कीं, आपण 'घर' लिहितों खरें, पण शेवटच्या 'र' मधील 'अ' उच्चारीत नाहीं. मूल 'घ' आणि 'र' असें तोडून वाचतें तेव्हां त्याला जें ऐकूं येतें तें त्याच्या ओळखीचें घर नसतें. तें गोंधळतें, आणि आपण म्हणतों, "अरे, दोनच तर अक्षरें आहेत!" काना-मात्रा नसलेले शब्द सोपे, असें मानून आपण घर, नळ, कमळ, बदक यांनीं आरंभ करितों, डोळ्याला ते सोपे आहेत, कानाला नाहींत. माझ्या मतें काना पहिल्याच आठवड्यांत द्यावा व मामा, नाना, मासा, वारा यांसारखे शब्द आधीं घ्यावे. टाळ्या व अक्षरें जुळतात हा विश्वास एकदां बसला म्हणजे 'घर' हा शब्द थोडा वेगळा आहे हें मूल हंसत हंसत मान्य करतें.

बाराखडीविषयीं पालक नेहमीं विचारतात. ती टाकून द्यावी असें मी म्हणणार नाहीं. तिचा ताल मुलांना आवडतो आणि सर्व व्यंजनांना एकच नियम लागतो हें तींत चांगलें दिसतें. पण 'क ला काना का' हें म्हणतांना मुलाच्या तोंडीं 'काना' हें नांव येतें, 'आ' हा ध्वनि येत नाहीं. 'म' म्हण, आतां तोंड मोठें उघड, 'मा'. असें शिकविलें म्हणजे 'म' मधला 'अ' जाऊन त्याच्या जागीं 'आ' आला हें कानालाच कळतें. पांच-सहा व्यंजनें अशीं पक्कीं झालीं कीं मग बाराखडी म्हणावी, आणि मधूनच बोट ठेवून विचारावें. नाहींतर 'कू' विचारला असतां मूल 'क का कि की' असा जिना चढत चढत तेथवर येतें!

आतां हात. वर्णमालेचा क्रम तोंडाच्या सोयीनें लाविलेला आहे, हाताच्या सोयीनें नव्हे. 'अ' हें पहिलें अक्षर काढावयास बरेंच अवघड आहे, आणि 'क' त्याहून फारसें सोपें नाहीं. हातासाठीं आकारांचीं कुटुंबें करावीं. 'व' आला कीं त्याच्या पोटांत तिरपी रेघ देऊन 'ब' होतो, आणि 'व'ला उजवीकडे शेपूट दिली कीं 'क'. 'र'ला उभी काठी जोडली कीं 'स'. 'ट'चें तोंड मिटलें कीं 'ठ'. 'ग', 'म', 'न', 'त' हे काठीचे सोबती. आरंभास म, न, र, व, ग, स आणि काना एवढेच घेतले तरी मामा, नाना, वारा, गारा, मासा, रवा इतके शब्द हातीं येतात, आणि पहिल्या पंधरवड्यांत मूल खरोखर कांहीं वाचूं लागतें.

'रवा' म्हटला कीं 'ख'ची आठवण येते. जुन्या वळणाचा 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारीं ठेवल्यासारखा दिसे, त्यामुळें 'खा' आणि 'रवा' यांत घोटाळा होई. यासाठींच 'ख' काढतांना 'र'चा खालचा पाय 'व'ला नेऊन मिळविण्याची रीति आहे. ती पहिल्या दिवसापासून पाळावी. 'घ' व 'ध', तसेंच 'म' व 'भ', यांतील भेद डोक्यावरच्या रेघेंत आहे. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर ती तुटते. अशीं जुळीं अक्षरें एकाच दिवशीं कधींहि शिकवूं नयेत. एक पुरतें मुरल्यावर दोन आठवड्यांनीं दुसरें द्यावें.

पेन्सिलीपूर्वी अंगणांतली ओली वाळू, परातींत पसरलेलें पीठ, रांगोळी, चिंचोके, कणकेच्या वळ्या यांपैकीं जें हातीं येईल त्यानें अक्षर मोठें काढावें. वीतभर तरी असावें. रेघ वरून खालीं व डावीकडून उजवीकडे न्यावी, आणि प्रत्येक वेळीं ध्वनि तोंडानें म्हणावा. शिरोरेषा शेवटीं, शब्द पुरा झाल्यावर द्यावी. मोडी लिपींत उलट होतें. तेथें सबंध ओळीची रेघ आधीं ओढून घेत आणि वळणीवर कपडे टांगावे तशीं अक्षरें तिला टांगीत. पेन्सिल दिली म्हणजे ती अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट यांत सैल धरावयास शिकवावें. मूल डाव्या हातानें लिहूं लागलें तर लिहूं द्यावें. हात बांधून अथवा मारून उजवा करण्यांत कांहींएक लाभ नाहीं, भीति मात्र कायमची बसते.

कांहीं खुणा डोळ्याला फसवितात. 'कि' मध्यें वेलांटी आधीं लिहितों आणि बोलतों मागून. 'सूर्य' शब्दांत 'र' बोलतों आधीं, पण त्याचा रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मूल ऐकेल त्या क्रमानें लिहील आणि चुकेल. यांत त्याच्या कानाचा दोष नसून उलट त्याचा कान चांगला आहे याचाच तो पुरावा आहे. तसेंच 'च', 'ज', 'झ' या तीन अक्षरांना मराठींत दोन दोन उच्चार आहेत. गुरांचा 'चारा' आणि संख्या 'चार' म्हणून पाहा. 'जाळें' आणि 'जीभ', 'झाड' आणि 'झेंडा' म्हणून पाहा. जें मूल "हा 'च' वेगळा आहे" अशी तक्रार करतें, त्यास गप्प बसवूं नये, शाबासकी द्यावी. 'ङ' व 'ञ' हीं अक्षरें मुलाच्या वाचनांत स्वतंत्रपणें बहुधा येतच नाहींत. त्यांच्यासाठीं पहिल्या वर्षीं अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं.

घरच्या बोलीविषयीं मात्र मला कळकळीनें लिहावेंसें वाटतें. आपल्या वसतिगृहांत निरनिराळ्या प्रांतांतून मुलें येतात. कोणाच्या घरीं 'पाणी' यास 'पानी' म्हणतात; वऱ्हाडांतील कित्येक मुलें 'डोळा' यास 'डोया' म्हणतात. अशा मुलानें कान लावून लिहिलें तर तें 'पानी' आणि 'डोया' असेंच लिहिणार. त्यानें आपली आई बोलते तसें प्रामाणिकपणें लिहिलें आहे. त्यावर वर्गांत हंशा पिकला तर तें मूल पुढें लिहिणें सोडील, किंवा घरीं बोलणें सोडील. आणि दोहोंपैकीं अधिक वाईट कोणतें हें मला ठरवितां येत नाहीं. "तुमच्याकडे डोया म्हणतात, पुस्तकांत डोळा लिहितात, दोन्ही म्हणून पाहूं," एवढें सांगणें पुरतें. मग 'य' म्हणतांना जीभ कोठें असते आणि 'ळ' म्हणतांना ती कशी मागें वळते, हें आरशांत पाहावें. आमच्या एका विद्यार्थिनीनें गेल्या सुटींत आपल्या भावास असें शिकविलें. तो आतां दोन्ही उच्चार करतो आणि आजीला 'ळ' शिकवितो, असें तिनें मला सांगितलें!

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न शेवटीं राहतो, आणि पालकांचा सर्वांत अधिक राग त्यावरच असतो. बोलण्यांत 'इ' व 'ई', 'उ' व 'ऊ' यांतील भेद आपण सर्व ठिकाणीं पाळीत नाहीं; 'श' आणि 'ष' तर बहुतेकांच्या तोंडीं एकच झाले आहेत. मोडींत लिहिणारे कारकून व सावकार ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा करीत नसत, आणि तरी त्यांचे हिशेब व कागदपत्र चालत. याचा अर्थ शुद्धलेखन नको असा नव्हे. परंतु तें कानानें येत नाहीं, तें पुष्कळ वाचल्यावर डोळ्यानें येतें. म्हणून जें मूल अद्याप पहिलें पुस्तक वाचीत आहे त्याच्याकडून त्याची अपेक्षा करणें घाईचें होईल.

सहा-सात महिन्यांनीं एखादे दिवशीं धाकटा आपण होऊन पाटीवर किंवा वहीच्या पाठीमागें कांहींतरी लिहून आणील. त्यांत 'आइ' असेल, 'मि' असेल, 'अंबा' असेल, रफार भलत्याच डोक्यावर बसलेला असेल. त्याला ती चिठ्ठी मोठ्यानें वाचावयास सांगावें आणि आपण ऐकावें. नंतर तोच शब्द शुद्ध लिहून आपण त्याच्या चिठ्ठीस उत्तर द्यावें: "आई म्हणते, आंबा उद्यां आणूं." लाल पेन्सिल त्या दिवशीं पेटींतच राहूं द्यावी.